बंदुकीचा वाटा

लग्न होऊन मी नागभीडजवळच्या त्या गावात आले, तेव्हा सासरच्या घरात माझ्याहून मानाच्या दोन वस्तू होत्या. एक सासूबाईंचा पाटा आणि दुसरी सासऱ्यांची बंदूक. पाट्याला कुणी हात लावलेला सासूबाईंना खपत नसे. बंदुकीला मात्र गावातल्या कुणीही हात लावावा. मी आरमोरीच्या शाळामास्तरांची मुलगी, तोंडाची फटकळ. पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला म्हणाले, "तुमच्या घरचं सगळं उलटंच. पाटा जपून ठेवता आणि बंदूक गावभर फिरवता." तो हसला आणि बैल सोडायला गेला. कमी बोलणं हा त्याचा स्वभाव, आणि त्याची भरपाई करणं हा माझा.

बंदूक ठासणीची होती. नळीतून बारूद भरायची, वरून छर्रे, मग गजानं ठासायचं. तिचा घोडा ढिला होता. अंगठ्यानं धरून ठेवला नाही तर आपोआप पडायचा. ही खोड गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत होती, जशी शेजारच्या बैलाची लाथ माहीत असते. धान राखण्यासाठी सरकारनं दिलेला परवाना सासऱ्यांच्या नावाचा होता. आमच्याकडे सासऱ्यांना आणि आत्याच्या नवऱ्यालाही मामाजी म्हणतात. गावात बंदूक ती एकच, आणि रानडुकरांना काही ती कुणाच्या नावाची आहे ते ठाऊक नव्हतं. धान निसवू लागलं की डुकरांचे कळप जंगलातून उतरत आणि घरचं वर्षाचं पोट तुडवून जात. म्हणून बंदूक आज या धानाच्या बांधीवर, उद्या त्या. परवाना एकाचा आणि हात सगळ्या गावाचे, हे कायद्यात बसत नाही, असं तिथं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पण त्याला एक रीत होती. डुक्कर पडलं की मांसाचे वाटे पडत. मारणाऱ्याचा, हाका घालणाऱ्यांचा, आणि त्याच्याही आधी बंदुकीचा. बंदुकीचा वाटा पळसाच्या पानांत बांधून आमच्या घरी येई. शिकार झाली नाही तरी बंदूक रिकाम्या हातानं परत करायची नाही. कुणी काकडी आणी, कुणी ओंजळभर तुरीच्या शेंगा, कुणी नुसती अंगणातली फुलं. बैलबंडी नेली, नांगर नेला, तरी तसंच. ज्याची वस्तू त्याचा वाटा, मग तो चिमूटभर का असेना.

मामाजी काही मोठे शेतकरी नव्हते. जमीन बेताची, घर मातीचं. पण वाटा घ्यायला ते ओसरीतून उठून उभे राहत, खांद्यावरचा शेला नीट करत आणि दोन्ही हात पुढे करत. समोर काकडी असो की डुकराची मांडी, हात दोन्ही. त्या घटकेला ते मला गावच्या पाटलाहून मोठे वाटत. मी चिडवायची, "मामाजी, घरात कमावती एक बंदूकच. आम्ही सगळे बसून खाणारे." ते म्हणत, "बंदूक कमावत नाई सूनबाई. मानसं आठवन ठेवतेत, तेवढंच."

त्या वर्षी आश्विनात सासूबाईंचा भाचा आला. त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. आई लवकर गेल्यामुळे लहानपणी काही वर्षं आमच्याच घरी वाढलेला. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेऊन भरवलं होतं, आणि तो दारात दिसला की त्यांचं वय दहा वर्षांनी उतरायचं. आधी तो नागपूरच्या गिरणीत होता, मग चांद्याला कोळशाच्या खाणीवर. चंद्रपूरला तेव्हा आम्ही सगळे चांदाच म्हणायचो. अंगात इस्त्रीचा सदरा, केसांना वासाचं तेल, पायात चकचकीत बूट. चेहरा मात्र उतरलेला होता. नवऱ्याला मी तेव्हाच म्हटलं, हा पोरगा जेवतो कमी आणि दाराकडे पाहतो जास्त.

संध्याकाळी ओसरीत बसून तो शहराच्या गोष्टी सांगत होता. नागपुरात आता दिवे लागले की सराफा बंद होतो. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर सुरे घेतलेली पोरं उभी असतात. चांद्यातही तेच येतंय, खाणीमुळे कुठकुठली माणसं भरलीत, कोण कुणाचा ते कळत नाही. काही जणांकडे तर गावठी पिस्तुलं आहेत.

"पिस्तूल? कायले?" मामाजींनी विचारलं. "तिथी डुकरं आहेत का?"

भाचा हसला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "मामाजी, बंदूक पाह्यजे होती. दोस्तांसंगं शिकारीले जाऊन राह्यलो."

मामाजींनी खुंटीवरून बंदूक काढली, बारुदीची कुपी दिली, घोडा अंगठ्यानं धरायचा हे पुन्हा एकदा दाखवलं. कुठे जातोस, कुणाबरोबर, एक अक्षर विचारलं नाही. घरच्या पोराला काय विचारायचं? चुलीपाशी मी सासूबाईंना म्हणाले, "असले बूट घालून कोण जातं जंगलात?" त्या म्हणाल्या, "तुले त्याच्या बुटाचा जळफळाट काऊन वो?" मग मी गप्प बसले, आणि मी गप्प बसणं ही त्या घरातली मोठीच घटना होती.

दिवाळीच्या तोंडावर तो परत आला. दुपारची वेळ. बंदूक चादरीत गुंडाळलेली. पाणी प्यायलासुद्धा बसला नाही, म्हणाला गाडी चुकेल. मामाजींनी नळी नाकाशी नेली. "उडवली तं आहे. मंग शिकार?"

"नेम चुकला, मामाजी."

मग त्यानं पिशवीतून कागदात बांधलेलं एक लुगडं काढलं. जांभळं, पिवळ्या काठाचं, आमच्या बाजारात कधी न दिसणारं. ते मामाजींच्या पुढे धरून तो म्हणाला, "हा बंदुकीचा वाटा."

मामाजी उठले, शेला सारखा केला आणि दोन्ही हातांनी लुगडं घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. भाचा निघून गेल्यावर बराच वेळ ते लुगडं मांडीवर घेऊन बसले होते. "पोरगा शहरात गेला, पन रीत नाई इसरला," असं ते सासूबाईंना पुन्हा पुन्हा सांगत होते. सासूबाई म्हणाल्या, जांभळा रंग आता माझ्या वयाला शोभत नाही, सुनेला द्या. दिवाळीला मी ते नेसले. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं होतं. मामाजींनी तर नागभीडच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं, आमच्या भाच्यानं बंदुकीचा वाटा म्हणून लुगडं आणलं, असं लुगडं की सून सावकाराची वाटावी.

बाजारात सांगितलेली गोष्ट बाजारात राहत नाही. दिवाळीनंतर आठवडाभरानं फौजदार आला. सोबत दोन शिपाई आणि खाली मान घातलेला आमच्याच गावचा कोतवाल. मी नुकतंच ते लुगडं धुऊन अंगणातल्या कुंपणावर वाळत घातलं होतं. फौजदाराची नजर आधी त्याच्यावर गेली.

"बंदूक तुमची?"

"होय जी."

"मधे कुणाला दिली होती?"

"भाच्याले देल्ली होती जी. शिकारीसाठी."

"त्याबद्दल त्यानं तुम्हाला काही दिलं?"

"देल्लं ना जी. लुगडं देल्लं. बंदुकीचा वाटा." मामाजींनी अभिमानानं कुंपणाकडे बोट केलं. "ते काय, वाळून राह्यलं."

कोतवालानं डोळे मिटून घेतले. मी दारातून मामाजींना खुणा करत होते, पण खुणा समजायला माणसाच्या मनात आधी काहीतरी लपवायचं असावं लागतं. फौजदाराचाच आवाज मग थोडा खाली आला. चांद्याला एका कापडाच्या दुकानावर दरोडा पडला होता. दुकान बंद करायच्या वेळी तीन माणसं आत शिरली, त्यातल्या एकाकडे लांब नळीची बंदूक होती. दारावरच्या चौकीदाराला छर्रे लागले. असली लुगडी त्या दिवशी त्या दुकानातून गेली होती.

मामाजी उभे होते ते खाली बसले. त्यांनी एकच विचारलं.

"मानूस आहे का गेला?"

"आहे. हात गेल्यात जमा आहे. उजवा."

सासूबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या आणि नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "त्याचं नाव सांगू नका जी. पाया पडते." मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फौजदारापुढे भाच्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि चांद्यातला पत्ता, ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं. फौजदार बंदूक, लुगडं आणि मामाजींना घेऊन गेला. कुंपणाच्या काट्याला जांभळा धागा अडकून राहिला होता. तो मी काढून टाकला. तरी दिवसभर नजर तिकडेच जात होती.

पुढचे दिवस चांद्याच्या खेपांचे होते. नागभीडहून छोट्या रेल्वेनं जायचं, कैदेतल्या माणसासाठी तांदळाच्या भाकरी बांधून न्यायच्या, आणि पोलिसांनी हात घालून त्या मोडून पाहिल्यावर उरलेला चुरा मामाजींनी खायचा. माझ्या नवऱ्यानं वकील केला. वकील भला होता. मामाजींना तो समजावून सांगे, "बाबा, तुम्ही एवढंच म्हणा की लुगडं त्यानं ओसरीत टाकलं आणि तो निघून गेला. तुम्ही हातात घेतलं नाही. चोरीच्या मालातला हिस्सा घेतला असं ठरलं तर तुम्ही दरोड्यातले भागीदार होता."

मामाजी म्हणाले, "हातात घेतलं जी. दोन्ही हातांनी घेतलं."

"ते मला माहीत आहे. कोर्टाला नको."

"वाटा घेतला तं घेतला म्हनाव लागन. नाई घेतला म्हनलं तं उद्या गावात कोनाचा वाटा कसा घेऊ?"

वकिलानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंडाची फटकळ असल्याची कीर्ती बहुधा त्याच्याही कानावर गेली असावी; मी सासऱ्यांना दोन शब्द सुनावीन असं त्याला वाटलं असेल. मला राग आला होताच. माणूस तुरुंगात जाईल, सासूबाई भिंतीला डोकं लावून बसतील, शेतात डुकरं नाचतील, आणि याला वाट्याची पडली आहे! पण त्यांच्याकडे पाहिलं आणि माझा राग तोंडातच विरघळला. गजाआड ते म्हातारे दिसत होते. वीस दिवसांपूर्वी ते म्हातारे नव्हते.

भाचा सापडला तो मामाजींना नेलं त्याच आठवड्यात. त्याचे दोघे सोबती पळाले ते पळालेच. कोर्टात तो एकदाही मान वर करत नव्हता. खाणीवरचं काम सुटलं होतं, वाईट संगत लागली, नुसता धाक दाखवायचा होता, असं तो सांगत होता. घोडा अंगठ्यातून सुटला म्हणाला. हे मात्र मी आजही खरं मानते. मग हाकिमांनी त्याला विचारलं, की लुगडं तू का नेऊन दिलंस? नेऊन दिलं नसतंस तर कुणाला पत्ताही लागला नसता.

भाच्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "बंदूक रिकाम्या हातानं वापस कशी करू जी?"

माझ्या शेजारी सासूबाई पदर तोंडात धरून रडत होत्या. मला त्याचा संताप आला होता, आणि तरी त्या क्षणी उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं वाटलं. चोर झाला, माणसाला जायबंदी केलं, आणि तेवढी एक रीत पाळायला जीव मुठीत धरून गावापर्यंत आला. रीत पाळली नसती तर सुटला असता.

मामाजींच्या बाजूनं आमचं गाव आलं होतं. धानकापणीच्या दिवसांत, विळे घरी ठेवून, रेल्वेनं. एकेक जण पुढे होऊन बंदुकीच्या बदल्यात आपण केव्हा काय दिलं ते सांगत होता. एकानं डुकराचा खांदा सांगितला, एकानं शेंगा. आमच्या शेजारचा म्हातारा छाती पुढे काढून म्हणाला, "मी तं काकडी देल्ली होती जी. कडू निंगाली, त्याचं मले अजून वाईट वाटते." हाकीमसुद्धा हसले. मामाजी दरोड्यातून सुटले. बंदूक दुसऱ्याला दिली म्हणून परवाना गेला आणि बंदूक सरकारजमा झाली. भाच्याला शिक्षा झाली. सासूबाई पुढे दर संक्रांतीला त्याच्यासाठी तिळाचे लाडू वळून तुरुंगात नेत असत आणि तो ते खातो का, हे कधी विचारत नसत.

सुटल्यावर मामाजी स्टेशनाकडे वळले नाहीत. "दवाखाना कुठी आहे?" त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

चौकीदार दवाखान्याच्या पडवीत भिंतीला टेकून बसला होता. चाळिशीचा, सडपातळ. जातीनं ढिवर, आमच्याच बाजूच्या एका तलावाकाठच्या गावचा. मासे पुरत नाहीत म्हणून मुलीच्या लग्नाआधी दोन वर्षं शहरात काढू, या विचारानं तो चांद्याला आला होता. उजव्या हाताची दोन बोटं काढून टाकली होती आणि मनगट वळत नव्हतं. त्याची बायको त्याला भाताचा घास भरवत होती.

मामाजी त्याच्यापुढे उभे राहिले. हात जोडायचे होते, पण ते त्यांना जमेना. शेवटी म्हणाले, "बंदूक माही होती."

बायकोचा घास तसाच हवेत थांबला. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी पाहिलं आणि मान खाली घातली. चौकीदार मात्र थोडा सरकला. "बसा भाऊ," म्हणाला.

मामाजी बसले. मग चौकीदारच म्हणाला, "मी त्या पोराच्या हाताकडे पाहून राह्यलो होतो. ग्यासबत्तीच्या उजेडात हात असा कापे. मले वाटलं, हा नाई मारत. मी त्याले म्हनलंबी, ठेव गा खाली. तो ठेवतच होता." थोडं थांबून त्यानं आपल्या पट्टीकडे पाहिलं. "मरनाचं काई नाई भाऊ. पन आता जाळं कसं फेकू?"

परतीच्या गाडीत मामाजी खिडकीबाहेर पाहत राहिले, आणि तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला.

घरी आल्यावर मामाजींनी वाटा घेणं बंद केलं. आमच्या शेजाऱ्यानं बंडी नेली आणि परत करताना पायलीभर तांदूळ आणले, तर मामाजी ओसरीतून उठलेच नाहीत. "राहू दे गा. मी वाटा घेत नाई." त्यांना वाटत होतं, त्या हातांनी आता काही घेऊ नये. पण गावाला ते कसं कळावं? घेत नाही त्याच्याकडे मागायचं कसं? त्या रीतीत देणारा आणि घेणारा हात एकमेकांना बांधलेले होते. हळूहळू बंडी मागायला कुणी येईना. नांगर कोपऱ्यात उभा राहिला. ज्या ओसरीत सकाळ-संध्याकाळ चार माणसं टेकत, तिथं मामाजी रिकाम्या खुंटीखाली एकटे बसू लागले. डुकरांना हाकलायला गाव आता टिनाचे डबे बडवी. डबे वाजू लागले की मामाजी कान झाकून घेत. आवाज मोठा म्हणून नव्हे. मला वाटतं, त्यांना तो सगळा दोष आपला वाटे.

मी त्यांना एकदा चांगलंच बोलले. म्हणाले, "मामाजी, तुम्हाला कोर्टानं सोडलं, गावानं सोडलं. तुम्हीच तुम्हाला धरून बसलात." ते रागावले नाहीत. "त्यानं नाई सोडलं अजून," म्हणाले. कुणी, ते विचारायची गरज नव्हती.

उन्हाळ्यात त्यांनी घरचे तांदूळ देऊन शेजारच्या गावच्या ढिवराकडून एक जाळं विणून घेतलं. फेकायचं नव्हे, पाण्यात अंथरून ठेवायचं. रात्रभर तलावात राहू द्यायचं आणि सकाळी ओढून घ्यायचं. एका हातानं जमेल आणि दुसरा नुसता टेकू देईल, असं. ते घेऊन आम्ही दोघं त्या तलावाकाठच्या गावी गेलो. नवरा पेरणीच्या तयारीत होता आणि मामाजींना एकटं सोडायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

चौकीदार दारातच बसला होता. जाळं पाहून त्याच्या बायकोचा चेहरा आणखी आवळला गेला. "आमाले फुकटचं नाई पाह्यजे जी," ती म्हणाली. "हात नेला, आता जाळं कायले देता?"

मामाजी गडबडले. त्यांचा हात जाळ्यासकट मागे आला. मग घाईघाईनं म्हणाले, "देत नाई बाई. जाळं माहंच आहे. वापरासाठी ठेवा." आणि ते दारात ठेवून, पाणीसुद्धा न पिता, झपाझप चालू लागले. मला त्यांच्या मागे अक्षरशः धावावं लागलं.

पावसाळा गेला. तलाव भरले, धान निसवलं, पुन्हा आश्विन आला. त्या सकाळी मी अंगण सारवत होते. वाटेनं चौकीदार येताना दिसला. एकटा. उजवा हात पोटाशी धरलेला, डाव्या हातात पळसाच्या पानांचा मोठा दोना. मी शेणाचे हात तसेच ठेवून उभी राहिले.

तो ओसरीसमोर थांबला. दोना पुढे केला. आत पाण्याचा वास अजून न गेलेले मासे होते.

"भाऊ, हा जाळ्याचा वाटा."

मामाजी खुंटीखाली बसले होते. त्यांनी मान हलवली. "मी वाटा घेत नाई."

"काऊन?"

"नाई घेत आता कोनाचाच. तू ठेव. पोरीले खाऊ घाल."

"जाळं तुमचं आहे, का माहं?"

"माहंच आहे."

"मंग वाटा तुमचा. पह्यले दिवस काई गावत नव्हतं. डाव्या हाताले शिकवा लागलं. आता गावते." चौकीदार हललाच नाही. दोना तसाच एका हातानं पेलून पुढे धरलेला. मामाजींनी पुन्हा मान हलवली. तेव्हा तो म्हणाला, आणि आवाजात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं,

"मारनाऱ्याच्या हातचा वाटा घेतला भाऊ. मार खाल्लेल्याच्या हातचा काऊन नाई घेत?"

मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीला धरून ते उठले. वर्षभर शेला नीट करायची सवय सुटली होती, तरी हात आपोआप खांद्याकडे गेला. शेला सारखा केला. ओसरीची पायरी उतरून ते अंगणात आले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. चौकीदारानं दोना त्यात ठेवला, आणि ठेवताना आपला बोटं गेलेला हातही खालून लावला. मामाजी रडत होते, लहान मुलासारखे, तोंड न झाकता. मी ओरडून सासूबाईंना हाक मारली, "पाटा काढा! मसाला वाटायचा आहे!" आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला पाट्याला हात लावू दिला.

चौकीदार आमच्याकडे जेवला. शेजारच्या म्हाताऱ्यानं कुंपणावरून सगळं पाहिलं होतं. उन्हं कलली तसा तो आला, ओसरीत टेकला, तंबाखू मळली, इकडचं तिकडचं बोलला.

"धान आनाचं होतं," शेवटी तो म्हणाला. "बंडी मिळन का?"

"ने ना गा," मामाजी म्हणाले. "आनताना काकडी मातर कडू नको आनू."